पावसाळ्यात एअर प्युरिफायरला बुरशी : वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : फिल्टर बदलून मिळणे व चुकीच्या आकड्यांबाबत खुलासा

महोदय,

फेब्रुवारीत रत्नागिरीच्या दुकानातून मी तुमचा एअर प्युरिफायर घेतला. आईला दमा आहे, आणि शिमगा झाला की आमच्याकडे भाजावळीचा (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळतात त्याचा) धूर सुरू होतो. त्या दिवसांत यंत्राने चोख काम केलं, हे आधीच सांगतो. संध्याकाळी १४० वर गेलेला पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, आकडा तासाभरात २० वर यायचा आणि आईला शांत झोप लागायची.

जुलैत मात्र भलतंच. तीन दिवस पागोळ्या थांबल्या नव्हत्या, हवा धुऊन निघालेली, आणि यंत्र लाल दिवा लावून १८० दाखवतंय! तुमचा मेकॅनिक म्हणाला, "बाहेर प्रदूषण वाढलं असेल." गुहागरात, ऐन आषाढात? यंत्रातला सेन्सर प्रकाश टाकून कण मोजतो. हवा दमट झाली की समुद्राच्या मिठाचे कण पाणी पिऊन फुगतात, बाष्पाचे थेंबही धूळ म्हणून धरले जातात. हे मला इथल्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी सांगितलं. त्या खोट्या आकड्यापायी पंखा रात्रंदिवस जोरात फिरत राहिला आणि ओली हवा फिल्टरमधून ओढत राहिला.

ऑगस्टमध्ये कुबट वास येऊ लागला. फिल्टर काढला तर काळे ठिपके. म्हणजे पंधरा हजार मोजून आम्ही दम्याच्या माणसाच्या उशाशी बुरशीवरून वारा घालत होतो. आईचा पंप दिवसातून दोनदाचा चारदा झाला.

वॉरंटी तुम्ही नाकारलीत, कारण '८० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत वापर'. खोक्यावर '०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो' हे ठळक, आणि ही अट पुस्तिकेत पान ३१ वर मुंगीएवढ्या अक्षरात. ती पाळायची तर कोकणात मिरगापासून गणपतीपर्यंत यंत्र माळ्यावरच ठेवायला हवं. मग रत्नागिरीत विकता कशाला?

फिल्टर विनामूल्य बदलून द्या. दमट हवेत आकडा कितपत खरा मानायचा, ते लेखी कळवा, आणि आर्द्रतेची अट खोक्यावर मराठीत छापा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. बिलाची प्रत व फिल्टरचे फोटो जोडले आहेत. खराब फिल्टर पिशवीत बांधून पडवीत ठेवलाय, माणूस पाठवलात तर दाखवीन.

आपला ग्राहक,
गुहागर, जि. रत्नागिरी