कॅमेऱ्याची सक्ती नको, हाताला काम द्या

महोदय,

ऑनलाइन तासाला मुलांचे लक्ष नसते अशी ओरड झाली की पहिला हुकूम सुटतो तो ‘सगळ्यांनी कॅमेरे चालू ठेवा’ हा. चेहरा दिसतो म्हणजे लक्ष आहे, हा समज साध्या वर्गातही खोटाच होता. पडद्यावर तर दुसऱ्या खिडकीत गेम खेळणारे मूलही आपल्याकडेच बघत असल्यासारखे दिसते. त्यात नेट कमजोर असेल तर चित्रापायी आवाजही तुटतो, आणि आवाज तुटला की तास गेलाच. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलनसन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ-बैठकांच्या थकव्याची कारणे मांडली. सतत स्वतःचाच चेहरा समोर असणे हे त्यांतले एक. कॅमेरा हवाच असेल, तर निदान स्वतःचे चित्र स्वतःपुरते लपवणारे ‘हाइड सेल्फ व्ह्यू’ कुठे असते ते मुलांना पहिल्याच दिवशी दाखवावे.

लक्ष टिकते ते दर सात-आठ मिनिटांनी प्रत्येकाला काहीतरी करावे लागले तर. प्रत्येकाला, नेहमी हात वर करणाऱ्या चौघांना नव्हे. श्पुनार, खान आणि शॅक्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०१३ मधल्या प्रयोगात २१ मिनिटांच्या चित्रित व्याख्यानाचे चार तुकडे केले होते. ज्यांना दर तुकड्यानंतर छोटी चाचणी होती त्यांचे मन कमी भरकटले, त्यांनी टिपणे जास्त काढली आणि शेवटच्या भागावरची त्यांची उत्तरेही सरस होती.

‘समजले का?’ ही चाचणी नव्हे. त्यावर चॅटमध्ये ‘हो सर’, ‘हो मॅडम’ची रांग लागते, एवढेच. पोल, म्हणजे पडद्यावर पर्याय देऊन विचारलेला प्रश्न, घ्यावा आणि त्यातला प्रत्येक चुकीचा पर्याय एखाद्या नेमक्या चुकीतून आलेला असावा. समजा प्रश्न १/२ + १/३ किती, असा आहे. पर्याय २/५, २/६, १/६ आणि ५/६ ठेवायचे. २/५ म्हणणाऱ्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. २/६ म्हणणाऱ्याने छेद सारखे केले, पण अंश बदलायला विसरला. १/६ वाल्याने सरळ गुणाकार केला. पुढची तीन मिनिटे कशावर घालवायची, हे आता तो पोलच सांगतो. निकाल मात्र लगेच दाखवू नये. बहुमत दिसले की मुले तिकडेच झुकतात. उत्तरे विखुरलेली असतील तर आधी मुलांना आपापसांत बोलू द्यावे, मग तोच पोल पुन्हा घ्यावा. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गात रुळवलेली ही रीत पडद्यावरही चालते.

चॅटचे दुखणे वेगळे आहे. पहिल्या हुशार मुलाचे उत्तर पडले की बाकीचे तेच उतरवतात. उपाय सोपा: ‘उत्तर लिहा, पण मी सांगेपर्यंत एंटर दाबू नका.’ एक मिनिट द्यायचे, तीन-दोन-एक म्हणायचे आणि सगळी उत्तरे एकदम येऊ द्यायची. गप्प मुलांचे म्हणणे पुष्कळदा इथेच पहिल्यांदा कळते.

तोंडी प्रश्न विचारल्यावर आपण फार लवकर बोलतो. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच दाखवले होते की शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तरी उत्तरे लांब आणि नेमकी येतात. ऑनलाइन तासात आवाज पोचायला वेळ लागतो, माइक शोधून सुरू करायलाही लागतो. तेव्हा मनात दहापर्यंत मोजावे. ती शांतता जड जाते, पण ती भरून काढायचा मोह आवरावा.

ब्रेकआउट खोल्यांचे, म्हणजे बैठकीतच छोट्या गटांसाठी केलेल्या वेगळ्या खोल्यांचे, हसे होते ते बहुधा ‘चर्चा करा’ एवढ्याच सूचनेमुळे. पहिले मिनिट ‘माझा आवाज येतोय का’ यातच जाते, म्हणून सहा-सात मिनिटांहून कमी वेळ देण्यात अर्थ नाही. गटात तीन-चारच मुले असावीत. काम लेखी, एकच, आणि आत जाण्यापूर्वीच चॅटमध्ये टाकलेले. सामायिक स्लाइड्सची एक फाइल करून प्रत्येक गटाला एकेक स्लाइड नेमून दिली, की सगळ्या स्लाइड्स एकत्र दाखवणाऱ्या ग्रिड व्ह्यूमध्ये सगळ्यांचे काम एकाच वेळी दिसते आणि कुठली खोली अडली आहे ते आत न शिरता समजते. कुणीतरी दुसऱ्याची स्लाइड पुसणारच. फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या व्हर्जन हिस्ट्रीतून ती परत आणता येते, रागावू नये.

गणित शिकवताना तयार स्लाइडपेक्षा हाताने सोडवून दाखवलेले उदाहरण बरे, कारण त्याला मुलांच्या वहीइतकाच वेळ लागतो. मोबाइल पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडवा ठेवायचा, कॅमेरा मधल्या फटीतून खाली वहीकडे, आणि त्यावरून दुसरा सहभागी म्हणून बैठकीत यायचे. मोबाइलचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद हवेत. नुसता माइक बंद केला तर लॅपटॉपच्या माइकमधून प्रतिध्वनी फिरत राहतो.

संस्थाचालकांना एकच विनंती. तासाचा पुरावा म्हणून चेहऱ्यांचे स्क्रीनशॉट मागू नका. किती मुलांनी किती प्रश्नांना उत्तर दिले, ते मागा. पोल आणि चॅट दोन्ही जपून ठेवता येतात, त्यासाठी वेगळा तक्ता भरावा लागत नाही.

— ऑनलाइन वर्ग घेणारे काही शिक्षक