तीनशे दिनारांचं तेल

पुणे,
लेंटचा (ईस्टरआधीच्या उपासकाळाचा) चौथा आठवडा

प्रिय बेटा,
ख्रिस्तात सलाम आणि खूप प्रेम.

फोनवर तू विचारलेला प्रश्न दोन मिनिटांत उरकण्यातला नव्हता, म्हणून पत्र लिहितो आहे. तू म्हणालीस, "पप्पा, मी लेंट पाळतेच आहे. बाहेरचं जेवण बंद केलंय, वाचलेले पैसे मुलींच्या वसतिगृहाला पाठवते. पण रविवारी देवळात बसून गाणी म्हटल्यानं कुणाचं पोट भरतं? आणि देवाला तरी त्याची काय गरज आहे?"

तुझ्या बाजूनं पवित्र शास्त्रच बोलतं, हे आधी सांगतो. यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय काढ. अन्यायाच्या बेड्या तोडणं, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं, उघड्याला वस्त्र देणं, हा देवाला हवा असलेला उपास. लेंटच्या पहिल्या दिवशी, भस्म बुधवारी, वाचतात तो मत्तयाचा सहावा अध्यायही दान, प्रार्थना आणि उपास यांविषयी एका दमात बोलतो, आणि सुरुवात दानापासून करतो. तेव्हा तुझे ते पैसे लेंटचाच भाग आहेत. ते थांबवू नकोस.

पण उपासनेतून काय निघतं, हा हिशेब तू मांडायला लागलीस तेव्हा मला बेथानीचं ते घर आठवलं. योहानाचा बारावा अध्याय. वल्हांडण या यहुदी सणाला सहा दिवस उरलेले. लाजर पंगतीला बसलेला, त्याची बहीण मार्था वाढते आहे. दुसरी बहीण मरीया येते आणि जटामांसीचं सुगंधी तेल येशूच्या पायांना लावते, आपल्या केसांनी ते पाय पुसते, आणि सगळं घर त्या वासानं भरून जातं. जटामांसी हिमालयात होते. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात तिच्या मुळ्या मिळतात, तुझी आजी केसांच्या तेलात घालायची तीच. ती त्या काळी डोंगर उतरून, किती व्यापाऱ्यांच्या हातांतून जात त्या लहानशा गावात पोचली असेल, याचं मला फार नवल वाटतं. तेलाची किंमत तीनशे दिनार. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार आहे, म्हणजे सुट्ट्या वगळल्या तर हे जवळजवळ वर्षाचं उत्पन्न. तुझ्या वर्षभराच्या पगाराइतकं काही तू एका संध्याकाळी कुणाच्या पायांवर ओतशील का?

तेव्हा येशूचा एक शिष्य, यहूदा, विचारतो, हे विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत? तो चोर होता असं योहान लिहितो, आणि त्यामुळे आपण त्याचा प्रश्न पटकन बाजूला सारतो. पण मत्तय सांगतो की बेथानीत शिष्यच रागावले होते. चांगली, सरळ माणसं. त्यांचा प्रश्न तुझाच होता.

येशूचं उत्तर पुष्कळांना टोचतं: गरीब तुमच्याजवळ सदा आहेत, मी नाही. पण हे बोलणारा जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायाची आठवण करून देतो आहे. तिथे लिहिलंय की देशात गरीब कायम असतील, *म्हणून* आपला हात मोकळा ठेव. गरिबांचं काम रोजचं आहे, ते उद्याही करायचं आहे. त्या खोलीत मात्र एक माणूस मरणाकडे निघाला होता आणि ते एकट्या मरीयेच्या लक्षात आलं होतं. माझ्या उत्तरक्रियेच्या दिवसासाठी तिनं हे केलं, असं त्यानंच सांगितलं. बाकीचे तेलाकडे बघत होते, ती त्याच्याकडे बघत होती.

बेटा, माझ्या लेखी उपासना एवढीच आहे. लेंटचे चाळीस दिवस आपण यरुशलेमेकडे चाललेल्या त्या एकाबरोबर चालतो. त्यातून काही निघावं म्हणून नाही. तो आपल्यासाठी निघालाय आणि आपलं त्याच्यावर प्रेम आहे, म्हणून.

तुझी आजी शेवटच्या वर्षी कुणालाच ओळखत नव्हती. आजोबा तरी रोज संध्याकाळी तिच्या उशाशी बसून तेविसावं स्तोत्र वाचायचे. तिला काय कळतंय, असं घरात कुणी विचारलं नाही, तूसुद्धा नाही. तू तेव्हा शाळेत होतीस आणि कितीदा त्यांच्या शेजारी जाऊन बसायचीस. प्रेमाला जागेवर हजर असावंसं वाटतं, हे तुला तेव्हाच ठाऊक होतं.

आपण ज्या पवित्र नाम देवळात वाढलो, त्या पंचहौद मिशनची 1890 सालची गोष्ट तू शाळेत ऐकली असशील. तिथे चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि इतर मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याची कारवाई, आलं, आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. ते प्रायश्चित्त घेतलं की समाज पुन्हा पंगतीला घेणार, असा व्यवहार होता. आपल्यातही लेंट असंच पाळणारे पुष्कळ आहेत: चाळीस दिवस मटण सोडायचं, ईस्टरला खातं बंद. मला ते पाहून वाईट वाटतं. पित्यानं आपल्याला पंगतीला आधीच घेतलेलं आहे. येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राची कबुली पुरी होण्याआधीच बापानं त्याला मिठी मारली होती. कपाळावर राख लावून घेताना आपण काही फेडत नसतो. मी माती आहे आणि तरी माझ्यावर प्रेम केलं गेलं, हे कबूल करायला आपण गुडघे टेकतो.

महाराष्ट्रात हे समजावून सांगायची खरं तर गरज पडू नये. तुकाराम बीज बहुतेकदा लेंटमध्येच येते. देहूला जाणाऱ्या माणसाला कुणी विचारतं का की इतकं चालून मिळालं काय? तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत. त्यांची गीतं आजही आपल्या उपासनेत आहेत, पेटी-तबल्यावर, टाळांवर. या लेंटमध्ये घरोघरच्या प्रार्थनासभांना मी आणि मम्मी जातो आहोत. सतरंजीवर दाटीवाटीनं बसतो. गुडघे साफ गेलेल्या एक मावशी खुर्चीत बसून सगळ्यांत मोठ्यानं गातात, सूर सोडून, पण डोळे मिटून. मागच्या आठवड्यात मला प्रार्थनेला शब्द सुचत नव्हते. त्या गात होत्या, मी त्यांच्या आवाजात आवाज मिळवला आणि माझीही प्रार्थना झाली. एकट्यानं खोलीत उपास करून हे मिळत नाही.

आणि उपासना करणारे हात गरिबांपर्यंत पोचत नाहीत असं वाटत असेल, तर केडगाव पुण्यापासून फार लांब नाही. दुष्काळात पंडिता रमाबाईंनी शेकडो मुली मरणाच्या दारातून तिथल्या आपल्या मुक्ती सदनात आणल्या. त्याच रमाबाई तासन्‌तास प्रार्थनेत असत. पवित्र शास्त्र साध्या बायकांना कळावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची अखेरची वर्षं त्यांनी मराठी भाषांतराला दिली. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. त्या वर्षी ईस्टर 16 एप्रिलला होता, म्हणजे लेंटमध्येच. भाकरी देणं आणि गुडघे टेकणं ही दोन वेगळी खाती आहेत, असं त्यांना कधी वाटलं असेल असं मला वाटत नाही. तिथल्या कामाला बळ कुठून येत होतं, हे त्यांना नीट माहीत होतं.

आणखी एक. भस्म बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलंस तर दिवस शेहेचाळीस भरतात. मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचा दिवस. तू रविवारीही उपास करतेस आणि उपासनेला मात्र जात नाहीस. म्हणजे कष्टाचे दिवस सगळे ठेवलेस आणि आनंदाचे तेवढे सोडून दिलेस. रविवारी पोटभर जेव, बेटा.

तिथे मराठी उपासना मिळाली नाही तरी चालेल, कन्नड असो की इंग्रजी. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी जवळच्या देवळात जाऊन बस. गावंसं वाटलं नाही तर गाऊ नकोस. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) रजा मिळाली तर इकडेच ये, बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना आहे. गुरुवारी रात्रीच्या गाडीत बसलीस तर सकाळी मी स्टेशनवर घ्यायला येईन.

तोवर योहान बारा सावकाश वाच आणि मला फोन कर. शिष्यांचंच बरोबर होतं असं तुला अजूनही वाटत असेल तर तसं सांग, मला ऐकायचं आहे. मम्मीनं तुझ्यासाठी कुरडया करून ठेवल्या आहेत.

तुझे,
पप्पा