मांडीत स्प्लिंटर, कागदावर 'गाडीचा अपघात'

मा. संपादक साहेब, जय हिंद.

१६ डिसेंबरला तुमच्या पेपरात तो नेहमीचा फोटो आला, ढाक्याच्या रेसकोर्सवर टेबलाशी बसून पाकिस्तानचे जनरल नियाझी शरणागतीवर सही करतायत आणि शेजारी आपले जनरल अरोरा बसलेत, आणि खाली १९७१ च्या वीरांना मानवंदना असं लिहिलं होतं. वाचून चांगलं वाटलं. पण त्याच आठवड्यात पोस्टमननं माझ्या हातात एक सरकारी पाकीट दिलं, त्यात १९७१ च्या लढाईत जखमी झाल्याचं पदक मागणाऱ्या माझ्या अर्जाला चौथ्यांदा नकार होता. ऑफिसांना लिहून लिहून २० वर्षांच्या वर झाली, म्हणून म्हटलं एकदा पेपरला लिहून बघावं, निदान माझ्यासारखे जे अजून चार लोक असतील ते तरी वाचतील.

मी १९६९ ला भरती झालो आणि १९८६ ला पेन्शन आलो. सातारा जिल्ह्यातला आहे, आमच्याकडं घरटी एक तरी फौजी असतो, अपशिंगे मिलिटरी हे गाव तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पलटणीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही कारण माझं भांडण पलटणीशी नाही आणि कधीच नव्हतं. माझं भांडण एका ओळीशी आहे, जी कुणीतरी डिसेंबर १९७१ मध्ये एका हॉस्पिटलच्या टेबलावर बसून लिहिली आणि ती आजपर्यंत कुणी खोडली नाही.

झालं असं. मी तेव्हा २० वर्षांचा, पाठीवर वायरलेस सेट, आणि माझ्या मूळ युनिटमधून मला दुसऱ्या एका युनिटला अटॅच केलेलं. आम्ही महेंद्रगंजच्या बाजूनं, म्हणजे आताच्या मेघालयातून, खाली उतरलो. हद्दीपलीकडचं, म्हणजे आताच्या बांगलादेशातलं, पाकिस्तानचं कमालपूरचं ठाणं ४ डिसेंबरला पडलं. त्याच्यापुढं बक्षीगंजचा रस्ता सगळा सुरुंगांनी भरलेला होता, आमचे मेजर जनरल गिल साहेब स्वतः पुढं जीपमधनं निघाले होते आणि त्यांची जीप दुसऱ्याच दिवशी सुरुंगावर गेली, एवढा मोठा अधिकारी जखमी झाला, तर बाकीच्यांचं काय सांगावं. मग शेरपूर, आणि मग ब्रह्मपुत्रा, आणि पलीकडं जमालपूर. तिथं पाकिस्तानची ३१ बलुच पलटण होती आणि त्यांच्याकडं मोठ्या मॉर्टर, म्हणजे उखळी तोफा, होत्या. ८ तारखेला अंधार पडता पडता नदीच्या अलीकडच्या काठाला आमच्यावर शेलिंग झालं. तिसरा का चौथा गोळा जवळ पडला. आवाज मला आठवत नाही, चिखल तोंडात गेला तेवढं आठवतं आणि उजवी मांडी एकदम गरम झाली, दुखलं नाही, नुसती गरम. एका हवालदारानं मला पट्ट्याला धरून ओढत खड्ड्यात घेतलं आणि आधी माझ्या पाठीवरचा सेट काढला, कारण सेट चालू राहायला पाहिजे होता. मला त्याचं वाईट वाटलं नाही, मी पण तेच केलं असतं.

ड्रेसिंग स्टेशनला पट्टी बांधली, मॉर्फियाचं इंजेक्शन दिलं आणि माझ्या शर्टाच्या बटणाला दोऱ्यानं एक कार्ड बांधलं. ज्यांनी लढाई बघितली त्यांना हे कार्ड माहीत असतं, जखमी माणसाबरोबर ते पुढं पुढं जातं, त्यावर नाव, नंबर, जखम कशानं झाली, काय औषध दिलं हे सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. माझ्या सगळ्या केसचा जीव त्या कार्डात होता. कारण पुढं काय झालं, रात्री लाइट बंद ठेवून आमची ॲम्ब्युलन्स मागं मेघालयातल्या तुरा गावाकडं चालली होती, सगळा घाटाचा रस्ता, आणि एका वळणावर ती घसरून चारीत गेली. आत आम्ही चौघं होतो. माझा डावा हात मोडला. मग दुसऱ्या गाडीतून नेलं, पुढच्या हॉस्पिटलात हात सुजला म्हणून शर्ट कात्रीनं कापून काढला, आणि शर्टाबरोबर ते कार्ड पण गेलं. मी शुद्धीवर नव्हतो. तिथल्या माणसानं ज्यांनी मला आणलं त्यांना विचारलं असणार काय झालं, त्यांनी सांगितलं गाडी पलटी झाली, आणि त्यानं लिहून टाकलं, वाहन अपघात. संपलं. एका शब्दानं मी बॅटल कॅज्युअल्टीचा, म्हणजे लढाईत जखमी झालेल्याचा, फिजिकल कॅज्युअल्टी, म्हणजे साध्या अपघातात जखमी झालेला, झालो. त्या माणसावर माझा राग नाही, त्या रात्री त्याच्या समोर किती स्ट्रेचर असतील देव जाणे. पुढं जमालपूर ११ तारखेला पडलं, १६ ला ढाका पडलं, आणि दोन्ही बातम्या मी गुवाहाटीला पलंगावर पडून रेडिओवर ऐकल्या.

आता लोक म्हणतात, मग तेव्हाच का नाही सांगितलं? साहेब, तेव्हा जवानाला त्याचे कागद कोण दाखवत होतं. जवानाच्या नोंदींचा हुकूम, म्हणजे पार्ट टू ऑर्डर, इंग्रजीत, त्याच्या नोकरीचा कागद, म्हणजे शीट रोल, ऑफिसच्या कपाटात, आणि मी सातवी पास. हॉस्पिटलात गेल्यावर मला एक्स लिस्टवर घेतलं, म्हणजे मी ना मूळ युनिटच्या हजेरीत ना अटॅच होतो त्या युनिटच्या. पदकांच्या याद्या झाल्या तेव्हा या युनिटला वाटलं तो त्यांचा माणूस आहे, ते पाठवतील, आणि त्या युनिटला वाटलं हे पाठवतील. त्यामुळं त्या वेळी नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालेलं संग्राम मेडल मला मिळालं, पण पूर्वेकडच्या लढाईत असणाऱ्यांचं 'पूर्वी स्टार' नाही आणि जखमी झाल्याचं पदकही नाही, ज्याला आता पराक्रम पदक म्हणतात. १९८६ ला डिस्चार्ज बुक हातात आलं तेव्हा पदकांच्या पानावर संग्राम, स्वातंत्र्याच्या २५ वर्षांचं, नऊ वर्षं सेवेचं, एवढंच, आणि त्याच्या खाली रिकाम्या ओळी. मी ते पान वाचलं आणि ट्रंकेत ठेवलं. घर चालवायचं होतं, पोरं लहान होती.

कारगिलनंतर आमच्या तालुक्यात माजी सैनिकांचा एक कार्यक्रम झाला, तिथं एका जुन्या सुभेदार साहेबांनी माझ्या छातीकडं बघून विचारलं की तू जमालपूरला जखमी झालास ना, मग तुझं पदक कुठाय. तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे मागता येतं. २००३ ला पहिला अर्ज केला. उत्तर आलं की उपलब्ध कागदपत्रांनुसार आपली दुखापत शत्रूच्या कारवाईत झालेली नाही. दुसऱ्यांदा दोन साथीदारांची नोटरीपुढं केलेली ॲफिडेव्हिट जोडली, त्यातले एक म्हणजे मला ओढून नेणारे तेच हवालदार. उत्तर तेच. तिसऱ्यांदाही तेच, फक्त सही वेगळ्या माणसाची.

आणि दोन वर्षांपूर्वी गुडघा फार दुखायला लागला म्हणून मुलानं मला साताऱ्याला दाखवलं. डॉक्टरांनी एक्सरे काढला, तो लाइटवर लावला आणि म्हणाले, बाबा, तुमच्या मांडीत हे काय आहे? पाच पांढरे ठिपके. चार ज्वारीच्या दाण्याएवढे आणि एक तुरीच्या डाळीएवढा, कडा खडबडीत. मी म्हटलं ते पाकिस्तानचं लोखंड आहे. एमआरआय करायचा होता तर ते लोक म्हणाले तुमच्या अंगात धातू आहे, मशीनमध्ये घालता येणार नाही. म्हणजे बघा, हॉस्पिटलला माझ्या मांडीतलं लोखंड दिसतं, मशीनला दिसतं, फक्त फायलीला दिसत नाही. गाडी चारीत गेल्यावर मांडीत मॉर्टरचे तुकडे कसे घुसतात हे मला कुणीतरी समजावून सांगा. तो एक्सरे चौथ्या अर्जाला जोडला, तर आता उत्तर आलंय की हे तुकडे कधी आणि कसे गेले ते एक्सरेवरून सिद्ध होत नाही. मेडिकल बोर्डापुढं उभं करा, तपासा, मी कधी नाही म्हटलंय का. पण तसं बोलावणंच येत नाही.

हे फक्त माझं असतं तर मी गप्प बसलो असतो. माझ्याबरोबरचा माण तालुक्यातला एक गडी घरच्या अडचणीमुळं १९७६ ला लवकर सुटून आला, त्यामुळं त्याला पेन्शन नव्हती. त्याच्याही पायाला गोळी लागली होती, मी स्वतः बघितलंय. तो गेल्यावर त्याची बायको डिस्चार्ज बुक पिशवीत घेऊन माझ्याकडं आली, मी अर्ज लिहून दिला, तर उत्तर आलं की नियमाप्रमाणं पेन्शन नसलेल्या जवानांचे कागद २५ वर्षांनी नष्ट केले जातात. नियम आहे तो, मला मान्य आहे, सगळे कागद किती दिवस सांभाळणार. पण नष्ट करायच्या आधी त्या माणसाला एक पोस्टकार्ड नाही टाकता येत का, की बाबा तुझं काही राहिलंय का? वर सैन्याच्या कागदात त्या बाईच्या नावापुढं कुणी देवी लावून ठेवलंय, गावात आणि आधार कार्डावर सगळीकडं बाई आहे, त्याचा वेगळा त्रास. आपल्याकडचे जाधव कागदावर यादव होतात, हे तर सगळ्या पेन्शनरना माहीत आहे.

आणि रेकॉर्डमध्ये चूक होऊ शकत नाही असं कुणी मला सांगू नये. कारगिलच्या लढाईतले टायगर हिलवाले ग्रेनेडियर योगेंद्रसिंग यादव, त्यांचं परमवीर चक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं होतं, कारण त्याच पलटणीत त्याच नावाचा दुसरा जवान शहीद झाला होता, आणि हे तर हॉस्पिटलात जिवंत होते. १९६२ ला मेजर धनसिंग थापा यांचंही तसंच, मरणोत्तर जाहीर केलं आणि नंतर कळलं ते चिन्यांच्या कैदेत आहेत. चूक कळली, दुरुस्त झाली. कारगिलला बटालिक सेक्टरमध्ये ब्रिगेड कमांडर असलेले ब्रिगेडियर देविंदर सिंग तर आपल्या लढाईचं रेकॉर्ड चुकीचं लिहिलंय म्हणून सशस्त्र सेना न्यायाधिकरणात गेले आणि २०१० ला न्यायाधिकरणानं ते दुरुस्त करा म्हणून सांगितलं. म्हणजे दुरुस्ती होते. पण ब्रिगेडियर साहेब वकील लावू शकतात, न्यायाधिकरणाचा मुंबईला बेंच आहे, आमच्या त्या माण तालुक्यातल्या वहिनींनी मुंबईला किती चकरा मारायच्या आणि उशीर का झाला याचं उत्तर कुणाकुणाला द्यायचं?

आमच्या गावचा एक मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे, त्यानं फोनवर सांगितलं की तिकडं सैन्याचं रेकॉर्ड दुरुस्त करायला वेगळं बोर्डच आहे आणि त्यावर साधे नागरी लोक बसतात. सेंट लुईस गावात १९७३ ला रेकॉर्ड ऑफिसला आग लागून दीड कोटीच्या वर फायली जळाल्या, तरी त्यांनी हात वर केले नाहीत, पगाराची पावती, हॉस्पिटलची चिठ्ठी, बरोबरच्या सैनिकाचं लेखी निवेदन, जे मिळेल त्यावरून परत जुळवतात. आपल्याकडं तर आग पण लागलेली नाही, माझी फाईल शाबूत आहे, फक्त त्यातली एक ओळ चुकीची आहे.

माझं मागणं फार मोठं नाही. ज्यांच्या अंगात अजून स्प्लिंटर आहेत त्यांना मिलिटरी हॉस्पिटलात एकदा तपासा आणि काय दिसतं ते लिहून द्या. साथीदाराचं ॲफिडेव्हिट आलं तर त्याला बोलावून दोन प्रश्न विचारा, नुसतं मूळ कागदात नाही म्हणून परत पाठवू नका, मूळ कागदात असतं तर अर्ज कशाला केला असता. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वर्षातनं एक दिवस रेकॉर्डवाल्यांना बसवा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला समोरासमोर सांगता येईल. लोक मला विचारतात की किती पैसे मिळणार आहेत तुम्हाला? त्या पदकामागं एक रुपया नाही. १५ ऑगस्टला झेंड्याला मी मेडल लावून जातो तेव्हा शाळेतली पोरं विचारतात आजोबा तुम्ही का लंगडता, मी सांगतो लढाईत लागलं, आणि मनात येतं की सरकारच्या कागदावर तर मी गाडीतनं पडलोय. हे मला सहन होत नाही.

दोन साक्षीदारांपैकी एक गेल्या गणपतीत वारले. राहिले ते हवालदार साहेब. आता त्यांचं वय ८१, ऐकायला कमी येतं पण मोठ्यानं बोललं की सगळं नीट सांगतात, तो खड्डा कुठं होता, सेट कुणाकडं दिला, कार्डावर कुणी लिहिलं. मी त्यांना घेऊन सांगाल त्या ऑफिसात यायला तयार आहे, गाडीभाडं माझं मी करतो. फक्त उन्हाळ्याच्या आधी बोलवा, उन्हात त्यांना प्रवास झेपत नाही.

कळावे,
आपला,
एक माजी सैनिक, जि. सातारा