दीवविषयी: एका मित्रास पत्र

प्रिय रमाकांत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. दीवला जाऊन आलेल्या तुझ्या कार्यालयातील मंडळींनी ‘तेथे दारू स्वस्त मिळते, एक बरा किनारा आहे, बाकी पाहण्यासारखे काही नाही’ असे सांगितल्यामुळे वहिनींना आणि मुलांना घेऊन जावे की नाही, असा तुला प्रश्न पडला आहे. ते वाचून मला वाईट वाटले. तू माझे मत मागितले आहेस, तेव्हा ते सविस्तर लिहितो. मी गेल्या हिवाळ्यात तेथे राहून आलो. त्या मंडळींनी पाहिले ते खोटे नाही. परंतु सीमेमुळे जे स्वस्त झाले तेवढेच त्यांनी पाहिले, आणि त्याच सीमेमुळे जे घडले, जे तुटले आणि जे टिकून राहिले ते पाहायचे त्यांच्याकडून राहून गेले. माझ्या मते दीव समजून घेण्याची खरी वाट तीच आहे.

नकाशा समोर ठेवलास तर माझे म्हणणे लवकर ध्यानात येईल. सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्याला लागून, एका खाडीने मुख्य भूमीपासून अलग झालेले हे बेट आहे. खाडीपलीकडचे घोघला गावही दीवमध्येच मोडते. संपूर्ण जिल्ह्याचे क्षेत्रफळ चाळीस चौरस किलोमीटरच्या आसपास आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे बावन्न हजार. जमिनीच्या बाजूने सगळीकडे गुजरात, आणि कारभाराचे मुख्य ठिकाण मात्र खंबातच्या आखाताच्या पलीकडे दमणला. १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ता संपल्यावर गोवा, दमण आणि दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश होता. ३० मे १९८७ रोजी गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा दमण व दीव वेगळे झाले आणि २६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगर हवेलीसह त्यांचा एक प्रदेश करण्यात आला. दर वेळी सत्तेचे नाव बदलले, पण गुजरातमधल्या उना गावाहून येताना लागणारा नाका काही हलला नाही. त्याच्या अलीकडे गुजरात राज्याच्या स्थापनेपासून दारूबंदी, पलीकडे ओळीने दारूची दुकाने, आणि परतीच्या वाटेवर गाड्या थांबवून सामान तपासणारे पोलीस. बहुतेक पाहुण्यांची दीवविषयीची पहिली आणि शेवटची आठवण याच नाक्याची असते.

शनिवारी दुपारपासून राजकोट, भावनगर आणि अहमदाबादकडच्या गाड्या येऊ लागतात. नागोआचा अर्धचंद्राकृती किनारा संध्याकाळपर्यंत माणसांनी भरून जातो आणि रात्री उशिरापर्यंत गोंगाट चालतो. त्या लोकांना मी दोष देत नाही. घरी ज्या गोष्टीला मनाई आहे ती मोकळेपणाने करायला माणूस शेजारी जाणारच. दुःख याचे वाटते की गावाने स्वतःची सारी मांडणी या दोन रात्रींभोवती केली आहे. किल्ल्याचा रस्ता विचारला तर सांगणारा आधी बारची जागा सांगतो. सोमवारी सकाळी मात्र तेच गाव इतके शांत आणि स्वच्छ असते की अरुंद गल्ल्यांतून, रंगीत भिंतींच्या आणि कोरीव लाकडी सज्जांच्या घरांसमोरून चालताना आपण दुसऱ्याच ठिकाणी आलो आहोत असे वाटते.

आता किल्ल्याविषयी. तू वसईचा, लहानपणापासून त्या किल्ल्यात खेळलेला, म्हणून हा भाग मी मुद्दाम तुझ्यासाठी लिहितो. वसई आणि दीव ही दोन्ही ठाणी पोर्तुगीजांना एकाच माणसाच्या एकाच संकटामुळे मिळाली. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या आक्रमणाने कोंडीत सापडला होता. मदतीच्या आशेने त्याने १५३४ मध्ये वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख दिला आणि पुढच्याच वर्षी दीवला किल्ला बांधण्याची परवानगी दिली. संकट ओसरल्यावर त्याला पश्चात्ताप झाला, पण तोवर भिंती उभ्या राहिल्या होत्या, आणि १५३७ मध्ये दीवच्या समुद्रातच पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो मारला गेला. दीववर पोर्तुगीजांचा डोळा त्याआधीपासूनच होता. आपल्या चौलच्या खाडीत १५०८ मध्ये आल्मेदा या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लढाईत पडला. त्याचा सूड म्हणून आल्मेदाने फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवसमोर इजिप्तच्या मामलुकांच्या आणि गुजरातच्या एकत्र आरमाराचा पराभव केला. अरबी समुद्रावर पुढचे शतकभर कोणाची हुकमत चालणार, याचा निर्णय बऱ्याच अंशी त्या दिवशी लागला. चौल आणि दीव यांचे असे रक्ताचे नाते आहे, हे मला तेथे उभे राहिल्यावरच खऱ्या अर्थाने जाणवले.

किल्ला तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे आणि चौथ्या बाजूला खडक फोडून केलेल्या खंदकात भरतीचे पाणी शिरते. पिवळसर दगडाची तटबंदी, बुरुजांवर अजूनही रोखलेल्या तोफा, मध्ये दीपगृह. १५३८ मध्ये तुर्कांच्या आरमाराने गुजरातच्या सैन्यासह त्याला वेढा घातला, तो फसला. १५४६ चा दुसरा वेढा याहून भीषण होता. त्यात एका बुरुजाखालचा सुरुंग उडून पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रोचा तरुण मुलगा फर्नांव मारला गेला. कास्त्रो स्वतः आरमार घेऊन आला, वेढा मोडला, आणि उद्ध्वस्त किल्ला नव्याने बांधण्यासाठी पैसा हवा म्हणून त्याने गोव्याच्या नगरपालिकेला कर्ज मागणारे पत्र लिहिले. तारण म्हणून मुलाच्या अस्थी पाठवाव्यात अशी त्याची इच्छा होती, पण देह अजून उकरून काढण्याच्या स्थितीत नव्हता. म्हणून त्याने स्वतःच्या दाढीचे केस गहाण म्हणून पाठवले. गोव्याच्या लोकांनी पैसे दिले आणि दाढी सन्मानाने परत केली. तो परक्या सत्तेचा अधिकारी होता आणि त्या सत्तेने आपल्या किनाऱ्यावर जे अत्याचार केले ते मी विसरत नाही. तरीही ज्या बुरुजासाठी एका बापाने हे पत्र लिहिले तेथे मी बराच वेळ थांबलो.

वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतला आणि उत्तरेकडच्या त्या मोठ्या मुलखातून पोर्तुगीजांच्या हाती मुख्यतः दमण आणि दीव एवढेच उरले. त्यामुळे वसईला जे मोडके छप्पर आणि पिंपळाच्या मुळांनी चिरलेल्या भिंती तू पाहत आलास, त्यांचे न मोडलेले रूप कसे असावे याचा अंदाज दीवला येतो. सोळाशे दहाच्या सुमारास पूर्ण झालेले सेंट पॉलचे चर्च आजही उपासनेत आहे. त्याची गाडी भरून शिंपले ओतावेत तशी दाट नक्षी असलेली दर्शनी भिंत आणि आतील काळपट लाकडी कोरीवकाम निवांतपणे पाहावे. सेंट थॉमस चर्चमध्ये आता संग्रहालय आहे आणि तेथे जुन्या लाकडी संतमूर्ती ठेवल्या आहेत. ख्रिस्ती कुटुंबे फार थोडी उरली आहेत, आणि पोर्तुगीज मिसळून तयार झालेली दीवची जुनी बोली बोलणारी त्याहून थोडी.

सीमेने माणसांचे काय केले, हे मात्र किल्ल्यात कळत नाही. त्यासाठी गावात आणि बेटाच्या पश्चिम टोकाला वणाकबाऱ्याला जावे लागते. दीवच्या वाण्यांचा मोझांबिकशी कापडाचा आणि हस्तिदंताचा व्यापार शतकानुशतके चालला. दोन्ही किनारे एकाच सत्तेखाली असल्यामुळे येथली माणसे पोटासाठी मुंबईला जावे तितक्या सहजपणे आफ्रिकेला जात. १९६१ च्या डिसेंबरमध्ये भारतीय सैन्य आले, ‘आयएनएस दिल्ली’ने किल्ल्यावर तोफा डागल्या, १९ तारखेला पोर्तुगीज शिबंदीने शरणागती पत्करली, आणि जे गाव सव्वाचारशे वर्षे बाहेरच्या जगाला जोडलेले होते ते एका दिवसात सौराष्ट्राला जोडले गेले. ही मुक्ती होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण मोझांबिकमध्ये असलेल्यांच्या आणि येथे राहिलेल्यांच्या मध्ये अचानक दोन राष्ट्रांची भिंत उभी राहिली. पुढे १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर त्यांतील अनेकजण लिस्बनला गेले. मुक्तीपूर्वी दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकते, त्यामुळे नंतरच्या पिढीतील कितीतरी तरुण त्या आधारावर इंग्लंडला, विशेषतः लेस्टरला जाऊन स्थायिक झाले.

म्हणून दीवच्या गावांत तुला सुबक, नव्याने रंगवलेली आणि तरीही कुलूप लावलेली घरे दिसतील. एका वृद्ध गृहस्थांनी मला आपल्या गल्लीतील अशी घरे दाखवली आणि कोणते कुटुंब कोठे आहे ते एकामागून एक सांगितले; कोणी लिस्बनला, कोणी लेस्टरला, एक मोझांबिकमधल्या मापुतोला. लग्नकार्याला आणि थंडीच्या सुट्टीत ती उघडतात, असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, अभिमानच होता. परंतु शेजारी कोण उरले आहे असे मी विचारले तेव्हा त्यांनी फक्त स्वतःच्या दाराकडे बोट दाखवले. वीकएंडला येणाऱ्या हजारो माणसांपैकी किती जण या गल्लीतून चालत असतील, याचा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आणखी एक ठिकाण तू मुलांना आवर्जून दाखव. चक्रतीर्थ किनाऱ्याजवळच्या टेकडीवर ‘आयएनएस खुकरी’ या युद्धनौकेचे स्मारक आहे. काचेच्या पेटीत तिची प्रतिकृती समुद्राकडे तोंड करून ठेवली आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने तिला बुडवले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी इतरांना वाचवण्याची धडपड केली आणि स्वतः जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. सूर्यास्त तेथून सुंदर दिसतो म्हणून गर्दी असते. मुलांना फोटोआधी नावांची यादी वाचायला सांग.

बाकीचे थोडक्यात. फुदमला गंगेश्वराचे देऊळ खडकाच्या कपारीत आहे आणि भरतीच्या लाटा पाचही शिवलिंगांवरून जातात. भरतीची वेळ विचारून जा. नायडा गुहा म्हणजे पोर्तुगीजांनी बांधकामासाठी दगड काढून काढून पडलेली भुयारे. सकाळी उन्हाचे कवडसे आत येतात तेव्हा मुलांना फार आवडतील. पाणीकोठा हा खाडीच्या तोंडावरचा छोटा जलदुर्ग होडीतून जवळून पाहता येतो. रस्त्याकडेला फांद्या फुटलेली ताडासारखी झाडे दिसतील, ती होक्याची. आपल्या कोकणात असा फांद्यांचा ताड मी कधी पाहिला नाही. वणाकबाऱ्याच्या बंदरावर पहाटे खारव्यांच्या होड्या परततात. मला विचारशील तर नागोआपेक्षा तेथली सकाळ कितीतरी अधिक मोलाची आहे.

तेव्हा जा, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त शनिवार-रविवार आणि दिवाळीची सुट्टी टाळ, कारण तेव्हा खोल्यांचे दरही चढतात आणि गावही दिसत नाही. रेल्वेने वेरावळपर्यंत जावे, सोमनाथाचे दर्शन घ्यावे आणि तेथून कोडीनारमार्गे रस्त्याने दीव गाठावे. येताना सासण-गीर जोडता येईल. परतीच्या वेळी नाक्यावर सामान तपासतील, त्यात मनाला लावून घेण्यासारखे काही नाही. वहिनींना पायऱ्यांचा त्रास होत असेल तर किल्ला सकाळी लवकर पाहा, तटावर सावली मिळत नाही. तारखा ठरल्या की कळव, म्हणजे मी उतरलो होतो त्या घराचा पत्ता आणि त्या वृद्ध गृहस्थांसाठी एक चिठ्ठी पाठवतो. त्यांच्याकडे माझ्या नावाने जा आणि त्यांना वसईविषयी सांग, त्यांनी ती कधी पाहिलेली नाही.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि मुलांना अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा,
माधव