खेळातलं कुलूप आणि बाहेरचं दार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पैसे मोजून स्वतःला खोलीत कोंडून घ्यायचं आणि वर तासाभरात बाहेर पडायची धडपड करायची, हा कसला खेळ, असं म्हणून ‘एस्केप रूम’ला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. माझ्या घरातच दोन आहेत. मी मात्र या खेळाच्या बाजूने लिहिते आहे, आणि बाजूची आहे म्हणूनच महापालिकेकडे एक मागणीही करते आहे.

आमची भिशी बहुतेक निवृत्त बायकांची. दर महिन्याला हॉटेलात तेच पनीर आणि तीच तंदुरी रोटी खाऊन सगळ्या कंटाळल्या होत्या. एकीच्या सुनेने पुण्यातल्याच एका ठिकाणी बुकिंग करून दिलं. खोली होती जुन्या वाड्यातल्या दिवाणखान्यासारखी: लोखंडी ट्रंक, कोनाडे, भिंतीवर थांबलेलं घड्याळ, टेबलावर पत्रांचा गठ्ठा. ट्रंकेला आकड्यांचं कुलूप. आम्ही आधी घड्याळातली वेळ लावून पाहिली, मग भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख. कुलूप ढिम्म. आमच्यातली एक आयुष्यभर पोस्टात होती. ती इतका वेळ गप्प बसून पत्रं चाळत होती. पत्रांतला मजकूर तिने वाचलाच नाही. पाकिटावरचे शिक्के बघून तिने ती तारखेप्रमाणे लावली आणि प्रत्येकावर कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला आकडा ओळीने वाचून दाखवला. ट्रंक उघडली! त्यानंतर ज्या काही किंकाळ्या आम्ही मारल्या, त्या ऐकून कॅमेऱ्यावर आमच्याकडे लक्ष ठेवून असलेला मुलगा हसल्याचं वॉकी-टॉकीवरून स्पष्ट ऐकू आलं.

हा खेळ हुशारीचा म्हणतात, पण मला तो कान देण्याचा वाटला. सगळ्या एकदम बोलल्या की वेळ जातो, आणि भिशीत सगळ्या एकदमच बोलतात. जिचं कधी कोणी ऐकून घेत नाही तिच्याच हातात नेमका पुढचा धागा निघतो, तेव्हा बाकीच्यांना गप्प बसावंच लागतं. कंपन्या आपल्या लोकांना इथे का पाठवतात ते तेव्हा कळलं.

जपानमधल्या क्योटो शहरात २००७ साली ताकाओ काटो यांनी हा खेळ सुरू केला. संगणकावरचे ‘खोलीतून बाहेर पडा’ छापाचे खेळ त्यांनी खऱ्या जागेत आणले. पुढे बुडापेस्टमध्ये २०११ साली तो उभा राहिला आणि तिथून युरोपभर फोफावला. आता आपल्याकडेही मुंबई-पुण्यात लहान मुलांचे वाढदिवस अशा ठिकाणी होऊ लागले आहेत.

वाढदिवस म्हटलं की पोलंड आठवतं. ४ जानेवारी २०१९ रोजी कोशालिन शहरातल्या एका एस्केप रूममध्ये १५ वर्षांच्या पाच मुली वाढदिवस साजरा करायला गेल्या होत्या. खेळाच्या खोलीबाहेर गॅसच्या हीटरमुळे आग लागली, बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती, आणि पाचही जणी विषारी धुराने गुदमरून गेल्या. त्यानंतर तिथल्या सरकारने देशभरच्या अशा जागा तपासल्या आणि कित्येकांना टाळं ठोकलं. तपासणी झाली, पण मुली गेल्यावर. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? मुंबईत डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत १४ जण गेले. राजकोटच्या गेमिंग झोनमध्ये २५ मे २०२४ रोजी पंचवीसहून अधिक माणसं जळाली, त्यांत लहान मुलंही होती. त्या जागेला अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखलाच नव्हता.

आम्ही गेलो त्या जागेबद्दल माझी तक्रार नाही. खेळ सुरू होण्याआधी त्या मुलाने दाराशेजारचं हिरवं बटण दाखवलं: घाबरलात, लघवीला जायचं झालं, काहीही झालं तरी हे दाबा, दार उघडेल. दाराला लोहचुंबकाचं कुलूप होतं. वीज असेतो ते धरून राहतं, गेली की आपोआप सुटतं. (वीज जाण्याचा एवढा फायदा मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.) म्हणजे कोंडल्याचं नुसतं नाटक, मनात आलं की बाहेर. नीट चालवलेला खेळ असाच असतो.

पण आमच्यातल्या एकीची भाची ऑफिसच्या मंडळींबरोबर दुसऱ्या एका ठिकाणी गेली होती. तिथे दार बाहेरून किल्लीने बंद केलं. बटणाचं विचारल्यावर “आम्ही इथेच आहोत ना मॅडम” एवढंच उत्तर. शिवाय मोबाइल आधीच लॉकरमध्ये ठेवून घेतलेले आणि ‘काही झाल्यास जबाबदारी आमची नाही’ अशा कागदावर सह्या घेतलेल्या. किल्लीवाला चहाला गेला तर आतल्यांनी कोणाला हाक मारायची?

नवा कायदा करा असं माझं म्हणणं नाही. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘ब’ नमुन्यातला दाखला परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. तो दाखला फायलीत पडून गिऱ्हाइकाला काय उपयोग? तिकिटाच्या खिडकीशी, दरपत्रकाच्या शेजारी त्याची प्रत लावायला सांगावी. प्रत्येक खोलीचं दार आतून, किल्लीशिवाय उघडतं की नाही हे अग्निशमन विभागाच्या माणसाने स्वतः आत उभं राहून, दिवे घालवून पाहावं. सजावटीला थर्माकोल, फोम, पडदे किती वापरलेत तेही बघावं, कारण या खोल्या बहुतेक त्यावरच उभ्या असतात.

खेळ चालवणाऱ्या चांगल्या मंडळींचा याला विरोध असायचं कारण नाही. त्यांची दारं आजही उघडतातच. आपल्या वार्ताहराने दिवाळीच्या सुट्टीआधी शहरातल्या अशा जागांवर एक चक्कर मारावी आणि कुठे दाखला लावलेला दिसला, कुठे मागूनही मिळाला नाही, ते छापावं, एवढी विनंती.

आपली,
एक वाचक, पुणे