गावातल्या गावात हॉटेल

इंदूर,
सोमवार, रात्री साडेदहा

ती. आई आणि बाबा यांना शि. सा. न. वि. वि.

आई, काल फोनवर तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि फोन बाबांकडे दिलास. तुझं ते "बरं" मी अठ्ठेचाळीस वर्षं ऐकतेय. त्यात बरं काहीच नसतं. बाबांनी नेहमीप्रमाणे स्पीकर लावलेला, मागे पोळीवाल्या मावशींचं लाटणं थांबलेलं ऐकू आलं, म्हणजे त्यांचेही कान टवकारलेले. मग मी आपली थंडीवर घसरले. म्हणून हे पत्र. बाबांनी मोठ्यानं वाचायला हरकत नाही, फक्त मावशी गेल्यावर.

तुझा प्रश्न अगदी सरळ होता. स्वतःचं चांगलं तीन खोल्यांचं घर ज्या गावात आहे, त्याच गावात दोन रात्री हॉटेलात राहायचं म्हणजे काय? माणसं ऐकतील तर काय म्हणतील?

माणसं म्हणाली ना! सुरुवात हॉटेलच्या काउंटरवरच झाली. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही चौघी मैत्रिणी पिशव्या घेऊन उभ्या. मी, काकू, टिल्लू आणि देवासकरीण. (काकू म्हणजे ती बँकेतली. अकरावीपासून सगळ्यांना रागावते म्हणून तेव्हापासून काकू.) काउंटरवरच्या पोरानं आधार कार्डं पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, लोकल आयडी नहीं चलता." गावातल्या माणसाला म्हणे खोली देत नाहीत. काकूनं तिचा कर्ज-थकलंय आवाज काढला, "हम यहाँ सोने आए हैं भैया, और कुछ नहीं." तो बिचारा आणखीच घाबरला. आमच्याकडे एकेकीकडे बघून हळूच विचारतो, "आंटी, घर पे सब ठीक है ना?"

बाबा, त्याला वाटलं आम्ही चौघी घरातून भांडून निघालोय! टिल्लू तिथेच सोफ्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. शेवटी देवासकरणीचं कार्ड कामी आलं. तिचा पत्ता देवासचा, म्हणजे ती परगावची पाहुणी. रजिस्टरमध्ये तिचं नाव वर आणि आम्ही तिघी तिच्याबरोबरच्या. मॅनेजरशी दोनदा फोन झाले तेव्हा कुठे किल्ल्या मिळाल्या. माझं घर तिथून रिक्षानं वीस मिनिटं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आधी ठरलं होतं माझ्याकडेच. मी गाद्यांचा हिशेब केला, रवा-पोहे भरून ठेवले, पाहुण्यांच्या चादरी काढल्या. चादरी घड्या करता करता माझ्या लक्षात आलं, की दोन्ही दिवस मी ओट्यापाशी असणार आणि त्या तिघी "अगं, राहू दे, मी करते" म्हणत माझ्यामागे उभ्या राहणार. काकूकडे गेलो तर काकू ओट्यापाशी. तुझ्याकडे माहेरपणाला तुझ्या मैत्रिणी यायच्या तेव्हा तू एकदा तरी त्यांच्यात बसलेली मला आठवत नाही. गप्पांचा आवाज माजघरातून यायचा आणि तू आतून "हो का गं?" एवढंच म्हणायचीस. चादरी परत कपाटात ठेवल्या आणि फोन करून खोल्या घेतल्या.

शनिवारी साडेपाचला मला जाग आली. सवयच ती. मग आठवलं, की डबा नाही, दूध नाही. छताकडे बघत पडून राहिले. खालून कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं आणि मी ओल्या कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला चक्क उठून बसले. २०१७ पासून हे शहर वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं ना, ते असं आमच्या हाडीमाशी भिनलंय.

हॉटेलचा चहा म्हणजे गोड कोमट पाणी. तो तसाच ठेवून पोह्याच्या गाडीवर गेलो. आई, तुझा राग मला माहीत आहे. मागे तू आलीस तेव्हा पहिल्या घासाला म्हणालीस, "पोह्यात बडीशेप? आणि फोडणी कुठाय?" फोडणी असते गं, पण तुझ्यासारखी चरचरीत नाही. खाली पातेल्यात पाणी उकळत असतं, त्या वाफेवर पोह्यांची परात, म्हणून ते सकाळभर ऊन आणि मऊ राहतात. कागदावर डाव मारला की वरून बारीक कांदा, कोथिंबीर, मूठभर शेव, जिरावन (इथला चटपटीत मसाला) भुरभुरायचं आणि लिंबू. शेजारी गरम जिलबी. इथली मराठी माणसं म्हणतात, पोहे होळकरांच्या लोकांबरोबर इकडे आले. बडीशेप मात्र माळव्याची. तुझा राग निदान बरोबर पत्त्यावर जाऊ दे.

बाबा, तुमच्यासाठी राजवाड्यावर गेले होते. तुम्ही आला होतात तेव्हा गुडघ्यामुळे बागेतच बसलात, अहिल्याबाईंच्या पुतळ्याकडे तोंड करून, आणि मला सात मजले मोजायला लावलेत. परवा परत मोजले. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत मागचं बरंच गेलं, समोरची ही दर्शनी बाजू वाचली, मागचं नंतर जुन्या धर्तीवर पुन्हा बांधलं. तुम्ही विचारलं होतं, की नवं लाकूड ओळखू येतं का? मला नाही ओळखता आलं. टिल्लू म्हणाली, "मी लहानपणापासून इथून जाऊन राहिली आहे, मला पण नाही समजत." (तिचं मराठी असंच आहे. तुम्ही कपाळाला हात लावू नका. तिच्या घरी पाच पिढ्या हेच मराठी आहे आणि ती तुमच्या मराठीला "पुस्तकातलं" म्हणते.)

तिथून पायीच काच मंदिरात. सेठ हुकुमचंदांनी बांधलेलं जैन मंदिर. भिंती, खांब, छत, पायाखालची जमीन, सगळीकडे काचेचे तुकडे. आत गेल्यावर आपण कुठे संपतो आणि आरसा कुठे सुरू होतो ते कळेना. छतात बघितलं तर आम्ही चौघी नाही, शंभर-सव्वाशे. काकू मान वर करून बराच वेळ उभी. मला वाटलं, हिला काही भक्तिभाव आला. तर म्हणते, "एवढ्या सगळ्यांत पांढरे केस माझेच दिसतायत."

दुपार सीतलामाता बाजारात गेली. तिथे साडीच्या दुकानात गादीवर बसलं की उठवत नाही. आई, तुझ्यासाठी महेश्वरी घेतलीय, आमसुली रंग. ओरडू नकोस, आधी ऐक. तिचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा असतो, उलट-सुलट नाहीच, म्हणजे घाईत नेसताना तुझी जी चिडचिड होते ती होणार नाही. पदरावर पाच पट्टे आहेत, तीन रंगीत, दोन पांढरे. सूत आणि रेशीम मिळून विणलेली, अंगावर वजन म्हणून लागत नाही. दुकानदार काठाच्या नक्षीची नावं सांगत होता, चटई, ईंट, हिरा. मी चटई घेतली. तुला भरजरी काही दिलं की तू ते कपाटात नेऊन झोपवतेस.

रात्री अकराला सराफ्यात. दिवसभर सोन्याची दुकानं, ती बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांवर आणि ओट्यांवर खाण्याची दुकानं मांडतात. भुट्ट्याचा कीस खाल्ला. कोवळं मक्याचं कणीस किसून तुपा-दुधात शिजवतात, आई, हा तुला आवडेल, बडीशेप नाही. गराडू सध्या जोरात आहे, थंडीतच मिळतो. आपल्या कोनफळाचा भाऊबंद, फोडी तळून वर लिंबू आणि मसाला. एक दहीवडेवाला भरलेला दोना हवेत उडवतो आणि एक थेंब न सांडता झेलतो, मग चिमटीत धरलेले वेगवेगळे मसाले एकेक करून सोडतो. देवासकरणीला साखर आहे, त्यामुळे आम्ही तिला जलेब्यापासून लांब ठेवलं. जलेबा म्हणजे जिलबीचा थोरला काका, एकात घर जेवेल. तिनं मागून टिल्लूच्या ताटलीतला तुकडा उचललाच. काकूनं बघून न बघितल्यासारखं केलं. बाबा, शिकंजी प्यायलो तेव्हा तुमची आठवण निघाली. तुम्ही लिंबू-सरबत समजून मागवलीत आणि घट्ट आटीव दूध, केशर, सुकामेवा समोर आल्यावर म्हणालात, "ही शिकंजी नाही, हे बासुंदीचं माहेर आहे." टिल्लू ते वाक्य अजून सगळीकडे वापरते.

एक गोष्ट मात्र टोचली. दोन दिवसांत घरून एकही फोन नाही! सराफ्यातून मीच केला. मुलगा म्हणाला, "आई, मॅच चालू आहे, उद्या बोलू?" जेवलात का विचारलं तर, "हो, केव्हाच." काय जेवलात, तर खिचडी. म्हणजे आई, "तुझ्यावाचून घरात कसं होईल" असं तू जे म्हणत होतीस, ते झालं. उत्तम झालं. मला पाच मिनिटं रागच आला. मग दुसरी ताटली गराडू घेतला.

आता जे फोनवर बोलता आलं नाही ते.

हे दोन दिवस खरं म्हणजे देवासकरणीसाठी होते. तिची आई गेली ते तुला माहीत आहे, तूच भेटायला जा म्हणाली होतीस. पण त्याआधीची चार वर्षं कशी गेली ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी शेवटी त्यांना दिवस-रात्र कळत नसे. रात्री दोनला उठून दार उघडून निघायच्या, म्हणून ही दाराला खाट लावून झोपायची. शुक्रवारी खोलीत आल्यावर तिनं आपली खाट दाराजवळ ओढली. सवयीनं. कुणी काही बोललं नाही. टिल्लू उठली आणि खाट परत खिडकीकडे सरकवली, इतकंच.

रविवारी ती दहा वाजेपर्यंत झोपली. आम्ही तिघी सहा-सातलाच जाग्या. खोलीत खुडबुड नको म्हणून बाहेर कॉरिडॉरमध्ये जिन्याच्या पायरीवर बसलो, नाइट गाउनवर शाली पांघरून. तोच काउंटरवरचा पोरगा वर आला आणि आम्हाला बघून थबकला. काकूनं ओठांवर बोट ठेवलं. तो चवड्यांवर खाली गेला आणि थोड्या वेळानं तीन चहा घेऊन आला. तेच कोमट पाणी. पण आम्ही ते संपवलं.

ती उठून बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर उशीची घडी उमटलेली. "किती वाजले?" म्हणाली. दहा म्हटल्यावर पहिल्यांदा दचकली, मग पायरीवर आमच्यात जागा करून बसली. बाबा, तुम्ही तिला दर वेळी "तू कुमारांच्या गावची" म्हणता ना, ते तिला फार आवडतं. म्हणाली, काकांना सांग, टेकडीखालून जाताना मी अजून कुमार गंधर्वांच्या घराकडे बघते.

हे सगळं माझ्या घरी झालं असतं का आई? माझ्याकडे आठला नाश्ता, नऊला पूजेची घंटा, साडेनऊला कामवाली. तिला दहापर्यंत कुणी झोपू दिलं नसतं, मीसुद्धा नाही.

बारा वाजता खोल्या सोडल्या. मी रिक्षानं वीस मिनिटांत घरी. सिंकमध्ये खिचडीचं पातेलं तळाला लागलेलं, पण पाणी घालून ठेवलेलं.

साडी आणि जिरावनचं पाकीट उद्या कुरियर करते. बाबा, ते दह्यावर घालून खा, काकडीवर घाला. पोह्यांवर घातलंत तर स्वतःच्या जबाबदारीवर. आई, पायाचा क्रेप बँडेज धुऊन सावलीत वाळव, उन्हात नाही. आणि तुझ्या भिशीतल्या त्या तिघी नरसोबाच्या वाडीला एक रात्र मुक्कामाला जाणार होत्या, ते तू "बघू" म्हणून टाळलंस असं बाबांनी सांगितलं. तुझ्या "बघू"चा अर्थही मला माहीत आहे.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, हॉटेलचं बिल किती झालं ते तुम्हाला सांगते. फोन करा, स्पीकर बंद करून.