तबिथा: पत्रिका छापायला देण्याआधी

प्रिय आई-बाबा,
सप्रेम नमस्कार.

नातीच्या नावाचा अर्थ काय, असं बाबांनी विचारलं आणि बाप्तिस्म्याच्या पत्रिकेवर ते कसं लिहायचं, असं आईने. अर्थ कळला की लिहायचं कसं तेही कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तबिथा म्हणजे हरिणी. आपल्याकडच्या चिंकाऱ्याच्या जातकुळीतली, सडपातळ, मोठ्या डोळ्यांची. शब्द आरामी, म्हणजे येशूच्या काळी गालीलात घरोघरी बोलली जाणारी भाषा. 'तबी' म्हणजे हरीण. त्याला 'त' लागून स्त्रीलिंग होतं, आणि शेवटचा 'आ' नामाला नेमकेपणा देतो. हिब्रूत हाच शब्द 'त्स्वी', अरबीत 'झबी'. मूळ ध्वनी एकच. तो हिब्रूत त्स, अरबीत जड झ आणि आरामीत जड त झाला. हे एवढ्या एका शब्दापुरतं नाही. 'राखणे' या अर्थी हिब्रूत 'नात्सर', आरामीत 'नतर'. अरबीत त्याच धातूचा अर्थ 'पाहणे', आणि फारसीच्या वाटेने तिथूनच आलेली आपली 'नजर'! बाबा, तुम्ही नातीवर ठेवणार ती नजर तिच्या नावाच्या शेजारघरातली आहे.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 9, वचन 36 उघडा. याफा बंदरातल्या या शिष्येचं नाव देऊन लेखक लगेच त्याचं ग्रीक भाषांतर देतो: दोर्कास, म्हणजे हरिणीच. ती वारल्यावर माडीवर जमलेल्या विधवा रडत रडत येशूचा शिष्य पेत्र याला तिने शिवलेले अंगरखे दाखवतात. मला त्या अख्ख्या अध्यायात हे अंगरखेच सगळ्यात जवळचे वाटतात.

दोन चुका सर्रास होतात. आरामीत 'ताब' म्हणजे चांगला. अक्षरं सारखी दिसतात म्हणून काही जण तबिथाचा अर्थ 'चांगली' असा लावतात. पण ग्रीक भाषांतर शेजारीच असताना शंकेला जागा नाही. दुसरी चूक 'तलिथा'शी गल्लत. मार्कच्या शुभवर्तमानात (5:41) येशू म्हणतो ते 'तलिथा कूम' म्हणजे 'मुली, ऊठ'. पेत्रही 'तबिथा, ऊठ' म्हणतो, फरक फक्त ल आणि बचा, म्हणून काही जुन्या हस्तलिखितांतसुद्धा मार्कच्या त्या वचनात तबिथा शिरलं आहे.

आता पत्रिका. छापणारा 'टॅबिथा' करेल, ते इंग्रजी उच्चारावरून. आरामीतला तो त जिभेचं मूळ मागे ओढून म्हणतात, पण टोक दातांपाशीच राहतं. टसारखं मागे वळत नाही. म्हणून 'त'च हवा, बला ऱ्हस्व वेलांटी, शेवटी 'था'. मूळ ध्वनी आपल्या थइतका फुंकरीचा नाही, जिभेचं टोक दातांत धरून काढतात, पण देवनागरीत त्याला सगळ्यात जवळचं अक्षर हेच. मुद्रित आलं की आईने ही तीन अक्षरं एकदा बोट ठेवून तपासावीत.

आणि हाक मारताना जोर पहिल्या अक्षरावर नको, शेवटच्या 'था'वर द्या: तबिथाऽ.

तुमची लेक